शंका आली त्याच दिवशी

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र वाचून राग आला, तुझा नव्हे. एकाच वस्तीतून तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होणारे रुग्ण येतायत, तुला कॉलराची शंका येते आणि वरून सांगतात, “लॅबचा रिपोर्ट येऊ द्या, मग पी फॉर्म भरा.” त्यावर तू विचारतेस, पी.एस.एम. (प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) करून पुढे राज्याच्या साथनियंत्रणाचं काम करायचा विचार सोडून रेडिओलॉजी घेऊ का? आवडत असेल तर जरूर घे. वैतागून नको.

शंका आली त्याच दिवशी कळवायचं. यात तडजोड नाही.

साथीच्या रोगांची खबर द्यायचे एस, पी आणि एल असे तीन फॉर्म वेगळे का केले? सिस्टरनं एसमध्ये लक्षणं कळवायची, डॉक्टरनं पीमध्ये आपलं निदान, प्रयोगशाळेनं एलमध्ये निष्कर्ष. कुणी कुणासाठी अडून बसू नये म्हणूनच ना! शौचाचा स्वॅब अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घे, कॅरी-ब्लेअरमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या माध्यमात, पाठव. पण कल्चरला दोन-तीन दिवस जातात आणि तेवढे दिवस वस्ती तेच पाणी पिते. म्हणून आजच शेवटच्या घराच्या नळावर पाण्यातल्या क्लोरीनची ओटी टेस्ट कर. पाणी पिवळं झालं नाही, तर क्लोरीन तिथवर पोचतच नाही. टाकीजवळच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या पोत्यावरची तारीख बघ. उघडं पडलेलं, ओल लागलेलं पोतं म्हणजे नुसता चुना. गळती गटाराशेजारी आहे का, हे जलसुरक्षकाला सोबत घेऊन, चालत जाऊन बघ. यातल्या कशाला रिपोर्ट लागतो, सांग बरं?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो रुग्ण तपासून. प्लेगची लस बनवणारे हाफकिन मुंबईत आले त्यानंतर. साथरोग कायदा आला १८९७ मध्ये. आपल्याच काळातलं हवं? २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला ताप वाढला म्हणून नमुने पुण्याच्या एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, गेले आणि त्या तपासातून राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. ‘ताप वाढलाय’ एवढ्यावर नमुने गेले होते.

राज्याच्या साथनियंत्रणाची धुरा सांभाळणारा माणूस फार मोठा वाटतो तुला. मी त्या खुर्चीच्या जवळ बसलोय. तिथे रोगी दिसत नाही, तुझ्यासारख्यांनी पाठवलेलं तेवढंच दिसतं. ते उशिरा आलं की मंत्र्यांसमोर कितीही हुशार डॉक्टर उभा करा, तो शिळंच बोलणार.

या हट्टापायी माझी बढती अडली, आडवळणाची बदली झाली. ‘उगाच घबराट पसरवतो’ हे वरिष्ठांचं वाक्य माझ्या मागे सगळीकडे आलं. काही शंका फोल निघाल्या, निघणारच. फोल निघाली तर चार दिवसांची धावपळ वाया जाते, दाबली तर माणसं जातात. हा हिशेब मी तेव्हाही मांडला होता आणि आजही तोच मांडतो. खंत एकच, हातातला स्टेथोस्कोप सुटला. रोजचे रुग्ण, त्यांच्या घरची माणसं, ते सगळं मागे पडलं. तुझंही पडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

पण आत्ता विषय तो नाही. हे पत्र वाचून होताच पी फॉर्म भर. जिल्हा साथरोग अधिकाऱ्यांना फोन कर आणि लगेच तोच मजकूर मेसेजनं पाठव, म्हणजे वेळेची नोंद राहील. तालुक्यावर रागावतील, रागावू देत. शंका आली त्याच दिवशी कळवायचं, आणि तुझा एक दिवस आधीच गेलाय.

प्रवेशाचं साथ आटोक्यात आल्यावर बोलू. माझं मत पी.एस.एम.च आहे.

तुझा,
सर