वाचक विचारतात : युरोव्हिजनमधलं शून्य

प्रश्न : 2003 च्या युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गीतस्पर्धेत ब्रिटनला एकही गुण मिळाला नाही. इराक युद्धाचा राग गाण्यावर निघाला, हे खरं का?

उत्तर : 24 मे 2003 ला लातव्हियातल्या रीगामध्ये लिव्हरपूलची ‘जेमिनी’ ही जोडी, म्हणजे क्रिस क्रॉम्बी आणि जेमा ॲबी, ‘क्राय बेबी’ गायली आणि 26 देशांत 26वी आली. ब्रिटनच्या वाट्याला शून्य येण्याची ही पहिलीच वेळ. युद्धाचं कारण तेव्हा बीबीसीचे समालोचक टेरी वोगन यांनीही पुढे केलं होतं. आम्हाला ते पटत नाही. पोलंडनं इराकमध्ये सैनिक पाठवले होते, स्पेनच्या सरकारनं युद्धाला उघड पाठिंबा दिला होता. तरी त्या रात्री पोलंड सातवा आला आणि स्पेन आठवा.

खरं दुखणं सुरांचं होतं. पहिल्या कडव्यापासूनच आवाज ट्रॅकच्या, म्हणजे ध्वनिमुद्रित साथीच्या, पट्टीतून सुटला आणि तो बेसूरपणा कुणाच्याही कानांतून सुटला नाही. मॉनिटरमधून, म्हणजे गायकाला साथ ऐकू यावी म्हणून मंचावर लावलेल्या स्पीकरमधून, संगीत ऐकू येत नव्हतं, असं दोघांनी नंतर सांगितलं. युरोव्हिजनमध्ये 1998 नंतर वाद्यवृंद राहिला नाही. साथ ध्वनिमुद्रित, मुख्य गायन मात्र प्रत्यक्ष. वादक असते तर त्यांनी गायकाला सांभाळून घेतलं असतं. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही.

प्रश्न : म्हणजे गाणं कुणालाच आवडलं नाही?

उत्तर : तसा अर्थ काढू नका. प्रत्येक देश फक्त आपल्या पहिल्या दहा गाण्यांना गुण देतो : 12, 10, मग 8 ते 1. उरलेल्यांना काही नाही. ब्रिटन सोडून बाकी सगळ्या 25 देशांत गाणं अकरावं आलं तरी बेरीज शून्यच, आणि सगळीकडे दहावं आलं तर 25. त्या वर्षी यजमान लातव्हियाला 5 आणि माल्टाला 4 गुण होते, म्हणजे तळाची बाकीची गाणीही फार वर नव्हती. 2016 पासून परीक्षक आणि प्रेक्षक यांचे गुण वेगळे मोजतात. तरी 2021 मध्ये ब्रिटनच्या जेम्स न्यूमनला दोन्हीकडून शून्य आलं. पुढच्याच वर्षी सॅम रायडर 466 गुण घेऊन दुसरा आला.

प्रश्न : आमच्या मंडळातही ट्रॅकवर गाताना सूर सुटतो. काय करावं?

उत्तर : ध्वनिव्यवस्थावाल्याला आधी मॉनिटर लावायला सांगा, सभागृहाचा आवाज नंतर. मॉनिटरमध्ये कीबोर्ड आणि ताल स्पष्ट हवेत, स्वतःचा आवाज थोडा कमी. आपलाच आवाज मोठा आला की गायक ट्रॅक सोडून स्वतःलाच ऐकत राहतो.

सभागृहातून परत येणाऱ्या आवाजावर गाऊ नका. मागची भिंत 17 मीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात लयही मागे पडते. चाचणी रिकाम्या सभागृहात होते. लोक भरले, टाळ्या सुरू झाल्या, की दुपारी पुरेसा वाटलेला मॉनिटर पुरत नाही. म्हणून हात वर केला की आवाज वाढवायचा, अशी खूण चाचणीच्या वेळीच ठरवून ठेवा.

मध्येच सूर हरवला तर जोर लावू नका. जोरात पट्टी चढते किंवा घसरते, हमखास. एक ओळ सोडा, मॉनिटरजवळ जा, एका कानावर बोट ठेवा म्हणजे स्वतःचा आवाज आतून ऐकू येईल, आणि षड्ज सापडला की पुढच्या ओळीवर धरा.