कोकण रेल्वेत नेट का जातं आणि आपण काय करायचं

प्रश्न : ताई नमस्कार. मी डोंबिवलीची, सासर कुडाळचं. गणपतीला आम्ही ठाण्याहून मांडवीने जातो. यंदा सुट्टी कमी होती म्हणून ठरवलं की प्रवासाचा दिवस गाडीतूनच काम करू, लॅपटॉप घेतला, मोबाईलचा हॉटस्पॉट, पॉवर बँक सगळं घेतलं, पनवेलपर्यंत मस्त चाललं आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. मीटिंगमध्ये तीनदा कट झाले, साहेबांना वाटलं मी मुद्दाम बाहेर पडतेय. तिकडे सासूबाई फोन लावून लावून रडकुंडीला आल्या, कारण सारखं ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’ येत होतं. आता शिमग्याला परत जायचंय. सिम बदलू का? की फोनच बदलू?

उत्तर : दोन्ही लगेच बदलू नका, आधी तिथे नक्की काय होतं ते बघूया. कोकण रेल्वे म्हणजे रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर, साधारण ७४१ किलोमीटर, आणि त्यात नव्वदच्या वर बोगदे. रत्नागिरीच्या अलीकडे उक्षी आणि भोके स्टेशनांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा आहे ना, तो एकटाच साडेसहा किलोमीटरचा, गाडी ऐंशीच्या स्पीडने गेली तरी पाच मिनिटं आत, आणि वर अख्खा डोंगर. बोगद्यात खास केबल टाकून नेटवर्क देता येतं, पण तशी सोय नसेल तर कुठलंही सिम घ्या, बाहेरचा सिग्नल आत पोचत नाही.

बरं बोगदा संपला तरी लगेच मोकळं रान लागत नाही, बऱ्याच ठिकाणी गाडी कटिंगमधून जाते, दोन्ही बाजूंना दरडी, म्हणजे टॉवर जवळ असला तरी मध्ये डोंगर आडवा. आणि टॉवर मुळात गावांसाठी नि हायवेसाठी उभे केलेले असतात, रूळ तर कित्येक ठिकाणी हायवे सोडून लांब आत जातात. त्यात गाडी ताशी शंभरने पळत असेल तर सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, फोनला सारखा एक टॉवर सोडून दुसरा पकडावा लागतो, त्या बदलात मीटिंग तुटते. शिवाय गणपतीच्या गाडीत हजाराच्या वर माणसं, सगळ्यांचे फोन एका छोट्या गावाच्या एकाच टॉवरवर एकदम जाऊन पडतात, मग कांड्या फुल दिसतात आणि पान काही उघडत नाही. तुम्ही एसी डब्यात असाल तर अजून एक, नवीन डबे स्टीलचे, काचा बंद, सिग्नल आत येता येताच अर्धा मरतो. स्लीपरच्या उघड्या खिडकीत त्यामानाने बरं मिळतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, पनवेल सोडलं की कुडाळपर्यंत लाईव्ह मीटिंग घ्यायचीच नाही. साहेबांना आदल्या दिवशीच सांगा की मी या वेळेत प्रवासात आहे, काम करीन पण बोलायला मिळणार नाही. फाईली घरूनच डाऊनलोड करा, मेल लिहून पाठवून टाका, ती आउटबॉक्समध्ये पडून राहते आणि चिपळूण, रत्नागिरी, कणकवली असं मोठं स्टेशन आलं की आपोआप निघून जाते. फारच अडलं तर व्हिडिओ बंद ठेवून नुसता आवाज, तोही स्टेशनात गाडी उभी असताना.

फोनमध्ये दोन गोष्टी करून बघा. सेटिंगमध्ये जाऊन 5जी बंद करून 4जी ठेवा, कारण 5जीचा बराचसा सिग्नल उंच फ्रिक्वेन्सीचा, तो लांब जात नाही आणि डब्यातही नीट शिरत नाही, मग फोन नुसता इकडून तिकडे उड्या मारत बसतो. आणि बोगद्यातून बाहेर आल्यावर नेटवर्क परतलं नाही तर एअरप्लेन मोड पाचेक सेकंद चालू करून बंद करा, फोन नव्याने टॉवर शोधतो. सिम बदलण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं एक स्वस्त प्रीपेड जोडीला ठेवा, एक गेलं की दुसरं कधी कधी लागतं. पण आधी कुडाळला घरच्यांना विचारा त्यांच्याकडे काय चालतं, नाहीतर गाडीत लागेल आणि घरी पोचल्यावर गप्प.

सासूबाईंचं मात्र मला जास्त लागलं. माझे वडील आजारी होते तेव्हा मी याच रस्त्याने रात्री निघाले होते, भावाचे सात मिस्ड कॉल रत्नागिरीला एकदम आले, तोपर्यंत घरच्यांनी काय काय मनात आणलं असेल. तेव्हापासून निघतानाच सांगते, खेडच्या पुढे फोन लागणार नाही, चिपळूणला मी करीन, मग रत्नागिरीला करीन. आणि तेव्हा व्हॉट्सॅपची वाट बघत बसू नका, साधा एसएमएस टाका, नेट अजिबात नसलं तरी एखादी कांडी मिळाली की तो जातो.

प्रश्न : मुलगा पुण्याहून तिकीट काढून व्हॉट्सॅपवर पाठवतो. टीसी आले तेव्हा ते उघडेचना, फार ओशाळल्यासारखं झालं. वय ७१. रात्री कुठलं स्टेशन आलं तेही कळत नाही.

उत्तर : काका, ओशाळायचं काही कारण नाही. ई-तिकिटाला आयआरसीटीसीचा एसएमएस आणि सोबत ओरिजिनल ओळखपत्र, एवढं चालतं, प्रिंट लागत नाही. फक्त तो एसएमएस बुकिंग करताना दिलेल्या नंबरवर येतो, तर मुलाला सांगा माझा नंबर टाक. व्हॉट्सॅपवर आलेली फाईल घरीच एकदा उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा. स्टेशन कळायला ‘व्हेअर इज माय ट्रेन’ ॲपमध्ये सेल टॉवरचा पर्याय आहे, त्याला नेट लागत नाही, पण टॉवरची रेंज लागते, म्हणजे लांब बोगद्यात ते पण थांबतं. उतरायच्या अर्धा तास आधीचा गजर लावून ठेवा आणि शेजारच्या प्रवाशाला सांगून ठेवा.

प्रश्न : स्टेशनवर फुकट वायफाय असतं, मग गाडीत का देत नाहीत?

उत्तर : स्टेशनला जमिनीतून फायबर आलेली असते, धावत्या गाडीला ती कुठून जोडणार. २०१३ मध्ये हावडा राजधानीत सॅटेलाईटवरून वायफाय देऊन बघितलं होतं, पण खर्च फार आणि त्या मानाने स्पीड नाही. स्टेशनवरचं रेलवायर वायफाय दिवसाला पहिला अर्धा तास फुकट आहे, पण त्याला मोबाईल नंबर टाकून ओटीपी लागतो, दोन मिनिटांच्या हॉल्टमध्ये ते व्हायच्या आत गाडी सुटते. गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर बसला असाल तेव्हाच सिनेमा, गाणी, मॅप काय हवं ते उतरवून घ्या.