सगळं पाणी बदलू नका, आधी माशांच्या टाकीवर फॅन लावा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि माझा चार वर्षांपूर्वीचा मे महिना आठवला. तुमच्यासारखंच सगळं: दोन गोल्डफिश, सकाळी सकाळी वर येऊन तोंडाची उघडझाप, मधूनच खडीवर अंग घासून सुसाट पळणं, आणि हातात दुकानातली निळ्या औषधाची बाटली. फरक एवढाच, की "सगळं पाणी बदलून औषध टाकू का?" असं तुम्ही निदान विचारताय. मी विचारलं नव्हतं.

आमचं गाव तापीकाठचं, नळाला चार दिवसांआड पाणी. ज्या दुकानात गेलो त्याचं नाव घेत नाही, खाणं अजून तिथूनच आणतो. त्यांनी पाणी कुठलं, टाकी किती लिटरची, काही विचारलं नाही. "इन्फेक्शन आहे, टाकी धुऊन काढा." नेमका तो नळाचा दिवस. मी खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला, टाकी ताज्या पाण्याने भरली आणि वरून निळं औषध. पाण्याला टीसीएलचा, म्हणजे नळाच्या पाण्यात टाकतात त्या क्लोरीनच्या पावडरीचा वास येत होता, तो मला स्वच्छतेचा वाटला! मोठा मासा अर्ध्या तासात कोपऱ्यात तिरका झाला, सकाळी गेला. धाकटा सावरला असं वाटलं, पण आठवड्याने तोही वर येऊन धापा टाकायला लागला आणि गेला. आई म्हणाली, "धोई धोईसन मारी टाकात रे मासा!"

तिचं खरं होतं. मोठ्याचे कल्ले क्लोरीनने भाजले. धाकट्याला मारलं त्या पांढऱ्या स्पंजाने. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या मळकट स्पंजात आणि खडीतच राहतात, ते नव्याने जमायला काही आठवडे लागतात. निळं औषध, म्हणजे मेथिलिन ब्लू, त्यांनाही मारतं. आणि पाणी गरम नि पीएच (पाण्याचा खारेपणा नव्हे, अल्कलीपणा) जास्त असला, की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात हे लक्षात ठेवा.

मुळात माशांना रोग नव्हताच, असं माझं मत. मी डॉक्टर नाही, चुकत असेन. पण २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलीग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, उन्हाळ्यात त्याला उलट जास्त लागतो. त्यात पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी, कारण टाकीतल्या वनस्पतीही रात्रभर तो ओढतात. तुमचे मासे दुपारपेक्षा सकाळी जास्त वर येतात ना? मग संशय आधी पाण्यावर घ्या.

अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसत असतील तर गोष्ट वेगळी, तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, त्याला औषध लागतंच. कण नाहीत आणि नुसतं घासतायत, तर बहुतेक पाणी झोंबतंय. अमोनिया तपासायचे थेंब मिळतात, ते औषधाआधी आणा. आज चौथाई पाणी बदला, तेही बादलीत अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध टाकून. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका खळबळा. खाणं दोन दिवस बंद. मरत नाहीत, घरातली मंडळी काही म्हणोत. झाकण काढून टेबल फॅनचा वारा पाण्यावर तिरपा सोडा, दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ टाकू नका, एकदम गार झालं की मासा हबकतो.

(कुणाकडे गुरामी किंवा फायटर असेल तर त्याने वर येऊन हवा गिळणं हा त्याचा स्वभावच. उगाच घाबरून त्याची टाकी धुऊ नका.)

आणि लोडशेडिंगचं बघा. बॅटरीचा एअर पंप घ्या. तो येईपर्यंत लाइट गेली की मगाने पाणी उचलायचं आणि वीतभर वरून धार सोडायची, पुन्हा उचलायचं. रात्री दोनला बनियनवर बसून मी हे केलंय. हात भरून येतात, पण मासे खाली जातात.