लिफ्टनंतर मागचा एक्सल एका बाजूला सरकला? आधी ओळंबा घे

भावा, २ इंच लिफ्ट (गाडी उंच करणारं सस्पेन्शन किट) टाकल्यावर जिम्नी गाडीचं मागचं एक चाक बाहेर आलंय म्हणून घाबरू नको, एक्सल वाकला नाहीये. एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा म्हणजे पॅनहार्ड रॉड, त्याचं एक टोक चॅसिसला आन दुसरं एक्सलला, रॉडची लांबी तेवढीच, चॅसिस वर गेली की रॉड जास्त तिरका होतो आन एक्सलला चॅसिसवाल्या टोकाकडं ओढून घेतो. सोलापुरात होटगी रोडला अलाइनमेंटला पैसे घालायच्या आधी गाडी सपाट फरशीवर लाव, गवंड्याचा ओळंबा आण, दोन्हीकडं फेंडरवर सारख्याच जागी धरून टायरपर्यंतचं अंतर मोज. समज १४ मिमी फरक आला, तर एक्सल ७ च सरकलाय, निम्मा. इथंच सगळे चुकतात! ॲडजस्टेबल रॉड (लांबी कमीजास्त करता येणारा) घे, ७ मिमीच लांब कर. रॉडच्या टोकातल्या रबर बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच टाईट कर, जॅकवर लटकत असताना आवळलेस तर बुश कायम पिळलेला राहतो आन लवकर फाटतो, माझे असेच गेलेत म्हणून कळकळीनं सांगतोय. जुन्या थारला मागं पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, तिथं रॉडच नाही, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट एक्सलवरच्या खाचेत नीट बसलाय का ते बघ. अक्कलकोटला एक चक्कर मारून आलास की ॲडजस्टेबल रॉडची लांबी पक्की धरणारा लॉकनट परत तपास.