सर्व्हे करू की डायरी लिहू?

प्रश्न: प्रोजेक्टसाठी स्वतःच ट्रॅक प्रोड्यूस करतोय, विषय व्होकलवरचं कम्प्रेशन, म्हणजे गायकाच्या आवाजातला मोठ्या-हळू भागांतला फरक कमी करणं. गाइड मेथडॉलॉजी (संशोधनाची पद्धत) मागतात, मित्र म्हणतात सर्व्हे टाकून मोकळा हो. काय करू?

उत्तर: अरे, सर्व्हेचं नंतर बघू, आधी तुला शोधायचंय काय ते ठरव. मिक्स करताना तू निर्णय कसे घेतोस हे बघायचं असेल तर प्रॅक्टिस-बेस्ड रिसर्च, म्हणजे प्रत्येक व्हर्जन वेगळं सेव्ह करायचं आणि सेटिंग का बदललं ते त्याच वेळी डायरीत लिहायचं, महिन्याभराने आठवून लिहिलं की सगळेच निर्णय शहाणपणाचे वाटतात. ऐकणाऱ्याला फरक कळतो का हा प्रश्न असेल तर ब्लाइंड लिसनिंग टेस्ट घे, म्हणजे कुठलं व्हर्जन वाजतंय ते न सांगता ऐकव, फक्त सगळ्या व्हर्जनचा लाउडनेस आधी सारखा कर, नाहीतर जे जरा मोठ्याने वाजतं तेच लोकांना बरं वाटतं. वेळ कमी असेल तर डायरीच धर.