हिंसक, वेगळ्या वाटेचे चित्रपट का पडतात?

प्रश्न : समीक्षकांनी वाखाणलेला एक हिंसक, वेगळ्या धाटणीचा चित्रपट आमच्याकडे आठवडाभरही टिकला नाही. प्रेक्षकांना हिंसा नकोशी झाली आहे का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : तसे मला वाटत नाही. २०२३ सालचा 'अ‍ॅनिमल' प्रौढांसाठीचे 'ए' प्रमाणपत्र आणि तीन तासांहून अधिक लांबी असूनही तुफान चालला. तिथली मारामारी नायकाच्या बाजूने उभे राहून पाहता येते. वेगळ्या वाटेचा दिग्दर्शक मात्र नेमका तोच आधार काढून घेतो आणि प्रेक्षक अस्वस्थ होऊन बाहेर पडतो. ती अस्वस्थता मला फार मोलाची वाटते, पण तिच्यासाठी पदरचे पैसे मोडणारे थोडेच.

व्यवहाराची बाजू अधिक कठोर आहे. पारोळ्याहून किंवा चोपड्याहून जळगावला सहकुटुंब आलेल्यांतील १८ वर्षांखालील मुलांना अशा 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला प्रवेशच नसतो, त्यामुळे अख्खे कुटुंब तिकीट खिडकीवरूनच दुसऱ्या चित्रपटाकडे वळते. पुन्हा प्रमाणित करून घेतल्याशिवाय 'ए' चित्रपट दूरचित्रवाणीवरही दाखवता येत नाही, म्हणून निर्माता जाहिरातीवर हात राखूनच खर्च करतो. शुक्रवार-शनिवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या, की खेळ कमी होतात आणि तोंडोतोंडी कौतुक गावात पोहोचेपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८मध्ये बेताचाच चालला; २०२४मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर मात्र त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली, कारण त्या कौतुकाला मधली सहा वर्षे मिळाली होती.