एटीआर ७२-६०० या दोन प्रोपेलरच्या प्रवासी विमानावर ट्रेनी फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून निवड झाली आहे. ट्रेनिंगची तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात आहे, दोनशेच्या वर तास झालेत, तेही सगळे सेसना १७२ आणि डायमंड या छोट्या ट्रेनिंग विमानांवर. ग्राउंड स्कूलला दीड महिना आहे आणि आतापासून काय वाचू, असा तुमचा प्रश्न आहे. वाचन कमी ठेवा. तोंड आणि हात तयार करा. या ट्रेनिंगमध्ये मागे पडणाऱ्यांना बहुतेक वेळा माहिती असते. ती योग्य क्षणी, ठरलेल्या शब्दांत बाहेर पडत नाही, अडचण तिथे असते.

पण त्याआधी कागदपत्रं बघा, आणि याच आठवड्यात. दहावीची गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट आणि लायसन्स या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून विमानतळाचा प्रवेश पास अडकतो, आणि पास नसेल तर प्रत्यक्ष विमानाजवळही जाता येत नाही. ई-जीसीएवरचं (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरचं) लॉगबुक आणि वहीतलं लॉगबुक यांची बेरीज जुळवून ठेवा. क्लास वन मेडिकल ट्रेनिंगच्या मध्येच संपणार असेल तर आधीच तारीख घ्या. सिम्युलेटरसाठी परदेशात पाठवण्याची शक्यता असते, म्हणून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

क्रम साधारण असा असतो: कंपनीची ओळख आणि नियम, सेफ्टी-इमर्जन्सी, डेंजरस गुड्स, सीआरएम (कॉकपिटमधलं टीमवर्क), सिक्युरिटी, मग एटीआरचं तांत्रिक ग्राउंड स्कूल आणि परीक्षा, मग प्रोसिजर ट्रेनर, फुल फ्लाइट सिम्युलेटर, स्किल टेस्ट, त्यानंतर प्रवाशांविना खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंग, लायसन्सवर एन्डोर्समेंट, आणि शेवटी इन्स्ट्रक्टरसोबत प्रवासी उड्डाणं, म्हणजे सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग. अलायन्स एअर, इंडिगोचा एटीआर ताफा आणि गोव्याची फ्लाय९१ या तिन्हींकडे एटीआर ७२-६०० आहे. तपशील आणि क्रम थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, गाभा तोच. सुरुवातीचे वर्ग सोपे असतात. फक्त पोहता येत नसेल तर पाण्यातल्या सरावाआधी ट्रेनिंग विभागाला सांगून ठेवा, तलावाच्या काठावर नको.

या दीड महिन्यात इंटरनेटवरून कुठल्यातरी कंपनीचं एफसीओएम (विमान चालवण्याचं मॅन्युअल) उतरवून घेऊन पाठ करू नका. हे मी आग्रहाने सांगतो. दोन कंपन्यांचे कॉलआउट (कॉकपिटमध्ये मोठ्याने म्हणायची ठरलेली वाक्यं) वेगळे असतात, विमानाचं मॉडिफिकेशन वेगळं असतं, आणि एकदा चुकीचं वाक्य तोंडात बसलं की ते काढायला नवीन शिकण्याच्या दुप्पट वेळ जातो. त्याऐवजी टर्बोप्रॉपचा पाया पक्का करा. टॉर्क, एनएच, एनएल, एनपी, आयटीटी यांपैकी कोणता आकडा इंजिनाच्या कुठल्या भागाचा, प्रोपेलर फेदर होणं म्हणजे पात्यांचं नेमकं काय होतं (ती वाऱ्याला समांतर वळतात), आणि फेदर न झालेला प्रोपेलर बंद इंजिनावर किती ड्रॅग देतो, हे समोरच्याला कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे. दुसरं म्हणजे इन्स्ट्रुमेंट स्कॅन. जवळच्या एखाद्या साध्या सिम्युलेटरवर ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर बंद ठेवून रॉ डेटावर (फक्त उपकरणांचे आकडे बघून) आयएलएस (रेडिओ संकेतांच्या आधारे उतरणं) करा, होल्डिंगमध्ये (ठरलेल्या जागी घिरट्या घालण्यात) शिरा. अडीचशे तासांच्या आतल्या पायलटचा स्कॅन सिममध्ये सगळ्यात आधी तुटतो, आणि तो तुटला की इतर काहीच शिकवता येत नाही.

कंपनीची मॅन्युअल मिळाली की पहिल्या तीन दिवसांत लिमिटेशन्स पाठ करा. व्हीएमओ (कमाल वेग) २५० नॉट, गिअर बाहेर असताना १८५, फ्लॅप १५ ला १८५, फ्लॅप ३० ला १५०, कमाल उंची २५,००० फूट, टेकऑफचं कमाल वजन २३,००० किलो. अशी यादी दोन-तीन पानांची होते. अंतिम शब्द तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलचाच. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी छोटी कार्डं करा आणि दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटं मोठ्याने म्हणा. एका बैठकीत तीन तास घोकलेलं परीक्षेपुरतं टिकतं.

मग कॉकपिटचं मोठं पोस्टर खऱ्या आकारात छापून भिंतीवर लावा, समोर खुर्ची ठेवा आणि फ्लो (स्विच ठरलेल्या क्रमाने तपासणं) करा. बोट प्रत्येक स्विचवर गेलंच पाहिजे. टेकऑफचंच बघा. एटीआरमध्ये नोज व्हीलचं स्टिअरिंग फक्त कॅप्टनच्या डाव्या हाताच्या टिलरवर असतं. रडर पेडलने चाक वळत नाही. म्हणून ७० नॉटपर्यंत दिशा कॅप्टन सांभाळतो आणि फर्स्ट ऑफिसर कंट्रोल कॉलम पुढे, वाऱ्याच्या बाजूला धरून ठेवतो. पॉवर लिव्हर नॉचला (टेकऑफच्या ठरलेल्या खाचेला) गेले की डोळे इंजिनच्या आकड्यांवर, एटीपीसीएसचा (टेकऑफला इंजिन बिघडल्यास आपोआप काम करणाऱ्या यंत्रणेचा) आर्म दिवा लागला का ते बघायचं, टॉर्क अपेक्षित आकड्याला आला का ते बघायचं, "पॉवर सेट" म्हणायचं, आणि तेवढ्यात ७० नॉटचा कॉल येतो. हे सगळं काही सेकंदांत घडतं. घरी खुर्चीत हे शंभरदा झालेलं नसेल तर सिममध्ये ७० चा कॉल राहतो, तो राहिला म्हणून गोंधळ होतो, आणि त्या गोंधळातच व्ही-वन (ज्यानंतर टेकऑफ थांबवत नाहीत तो वेग) येतो.

आता इंजिन फेल्युअर, कारण सिमचा सर्वाधिक वेळ त्यावर जातो. टेकऑफच्या वेळी एका इंजिनाचा टॉर्क सुमारे १८ टक्क्यांखाली घसरला की एटीपीसीएस चालू इंजिनाची शक्ती आपोआप वाढवतो, यालाच अपट्रिम म्हणतात. २.१५ सेकंदांनी तो बंद इंजिनाचा प्रोपेलर फेदर करतो. तुमचं काम आधी पायाचं: रडर देऊन नाक रनवेच्या रेषेत, मग रोटेट (नाक वर), मग व्ही-टू (एका इंजिनावर चढण्याचा सुरक्षित वेग). नवे लोक एलेरॉनने सरळ राहायचा प्रयत्न करतात आणि पाय अर्धवट ठेवतात. विमान तिरकं चढत राहतं आणि चढण्याचा दर मरतो. गिअर वर, अपट्रिम तपासलं, ऑटोफेदर तपासलं, आणि मग थांबा. ४०० फुटांच्या आत कोणत्याही लिव्हरला घाई करायची नाही.

ही घाई काय करते त्याचं उदाहरण ४ फेब्रुवारी २०१५ चं आहे. तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२-६०० चं दोन नंबरचं इंजिन बिघाडामुळे ऑटोफेदर झालं, आणि वैमानिकांनी चालू असलेलं एक नंबरचं इंजिन मागे घेऊन बंद केलं. ५८ पैकी ४३ जण गेले. म्हणून "पॉवर लिव्हर वन?" "कन्फर्म" ही देवाणघेवाण परीक्षेपुरती म्हणायची नसते. एकाने हात ठेवायचा, बोलायचं, आणि दुसऱ्याने आकडे बघून होकार दिल्याशिवाय हात हलवायचा नाही.

दुसरं उदाहरण १५ जानेवारी २०२३ चं, पोखऱ्याला उतरणाऱ्या यती एअरलाइन्सच्या एटीआर ७२-५०० चं. फ्लॅप ३० मागितले गेले. फ्लॅपच्या लिव्हरऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर (प्रोपेलर आणि इंधनाचे लिव्हर) फेदरला गेले. विमानातले सगळे ७२ जण गेले. एटीआरच्या मधल्या पेडेस्टलवर पॉवर लिव्हर, कंडिशन लिव्हर आणि फ्लॅप लिव्हर एकमेकांशेजारी आहेत. पोस्टरसमोर सराव करताना लिव्हरला हात लावण्याआधी डोळे तिथे न्या, हलवल्यावर फ्लॅपचा आकडा वाचा, मगच बोला. हात आंधळेपणाने जायची सवय पहिल्याच आठवड्यात लागते, म्हणून तिथेच तोडा.

सिमचं सत्र साधारण चार तासांचं असतं, दोन तास तुम्ही फ्लाइंग, दोन तास मॉनिटरिंग. आधी ब्रीफिंग, नंतर डीब्रीफिंग. स्लॉट रात्री दोनचाही मिळतो, तेव्हा झोपेचं गणित दोन दिवस आधीपासून बसवा. जोडीदार मिळाला की त्याच दिवसापासून एकत्र बसा. दुसऱ्या दिवशीचं सत्र आदल्या संध्याकाळी खुर्चीत पूर्ण उडवून बघा, दोघांनीही दोन्ही बाजूंनी. आणि मॉनिटरिंगचे दोन तास ही विश्रांती समजू नका. जोडीदार चुकत असताना जो गप्प बसतो त्याच्यावर इन्स्ट्रक्टर जास्त लिहितो. एखादं सत्र वाईट गेलं तर त्याच दिवशी नेमकं काय जमलं नाही ते विचारून घ्या आणि जादा सत्र लागेलसं वाटत असेल तर स्वतः बोला. टेस्टच्या आदल्या दिवशी सांगण्यापेक्षा चौथ्या सत्राला सांगितलेलं सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

हाताने उडवताना एक गोष्ट सतत त्रास देईल. एटीआरचे दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे पॉवर बदलली की नाक बाजूला जातं. प्रत्येक पॉवर बदलाबरोबर पाय आणि रडर ट्रिम, आणि नजर बॉलवर (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या उपकरणावर). लँडिंगला पॉवर आयडलला लवकर ओढू नका. पंखावरून जाणारा प्रोपेलरचा वारा अचानक कमी होतो आणि विमान धपकन बसतं. साधारण वीस फुटांच्या आसपास हळूहळू फ्लाइट आयडल, टेकल्यावर ग्राउंड आयडल, आणि दोन्ही लो पिचचे (पाती कमी कोनात आल्याचे) दिवे लागल्याचा कॉल ऐकल्याशिवाय रिव्हर्स नाही.

आइसिंगकडे आपली मुलं दुर्लक्ष करतात, कोकणात कसला बर्फ, म्हणून. पण पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण १६ ते १८ हजार फुटांवर असते आणि एटीआर नेमकं तिथेच, ढगांतून उडतं. टीएटी (उडत्या विमानावर मोजलेलं हवेचं तापमान) ७ अंश किंवा कमी आणि दिसेल असा ओलावा, म्हणजे आइसिंग कंडिशन. हॉर्नचं (रडर, एलेरॉन, एलेव्हेटरच्या टोकांचं) अँटी-आइसिंग लावलं की स्टॉलची सूचना लवकर मिळू लागते आणि किमान वेग वाढतात, ते वेग सांगता आलेच पाहिजेत. कॅप्टनच्या खिडकीबाहेरच्या प्रोबवर बर्फ दिसला की बूट (पंखांच्या कडेचे, फुगून बर्फ तोडणारे रबरी पट्टे) चालू. सीव्हिअर आइसिंगचे मेमरी आयटम (पाठ करून ठेवायच्या तातडीच्या कृती) झोपेतून उठवलं तरी क्रमाने आले पाहिजेत.

लाइन फ्लाइंग सुरू झाल्यावर धक्का बसतो तो वेगाचा. जळगाव, सिंधुदुर्गसारखे सेक्टर छोटे असतात. वर पोचता पोचता उतरायची तयारी सुरू होते. इन्स्ट्रक्टर थकतो तो तुमच्या उडवण्यामुळे नाही, तुम्ही मागे राहता म्हणून. एटिस (विमानतळाच्या हवामानाचा रेडिओ संदेश) आणि लँडिंगचा डेटा क्रूझला पोचताच काढा, अप्रोच ब्रीफिंग डिसेंटच्या आधी संपवा. जमिनीवर वेळ कमी असतो: लोड शीट, इंधन, चेकलिस्ट. एपीयू (जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं इंजिन) नसल्यामुळे वीज आणि हवा दोन नंबरच्या इंजिनातून घेतात, प्रोपेलरला ब्रेक लावून. त्याला हॉटेल मोड म्हणतात. त्याच्या मर्यादा आणि वाऱ्याच्या अटी पहिल्याच दिवशी विचारल्या जातात.

ड्युटीआधीची ब्रेथ अॅनालायझर टेस्ट ट्रेनीलाही असते आणि मर्यादा शून्य. अल्कोहोल असलेला माउथवॉश, खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, सगळं बंद. औषध घ्यायची वेळ आली तर आधी कंपनीच्या डॉक्टरांना विचारा.

प्रत्येक सेक्टरनंतर खिशातल्या वहीत तीन ओळी लिहा: कोणता कॉल राहिला, कुठे उशीर झाला, इन्स्ट्रक्टरने कुठे हात घातला. पुढच्या ड्युटीच्या ब्रीफिंगमध्ये ती वही समोर ठेवा आणि आज त्यातल्या एकाच गोष्टीवर काम करायचंय, असं इन्स्ट्रक्टरला सांगा.